आरसी ट्रकचं किट जोडताना वंगण कुठे, कोणतं आणि किती

रिमोटवर चालणाऱ्या आरसी ट्रकच्या किटचा खोका उघडला की गिअर, शाफ्ट आणि स्क्रूंच्या पिशव्यांखाली करंगळीएवढी एक ट्यूब सापडते. सोबतच्या पुस्तिकेत ज्या जागी त्या ट्यूबचं चित्र असेल तिथे ग्रीस लावायचं, एवढीच सूचना असते. किती लावायचं, त्या जागी तेच का, आणि जिथे चित्र नाही तिथे हात का आवरायचा, हे कुणी सांगत नाही. माझा पहिला ट्रक तिथेच फसला.

तो १:१० मापाचा ट्रेल ट्रक मी पुण्यात सहकारनगरच्या घरी, गॅलरीत वर्तमानपत्र पसरून जोडला होता. किटमधलं ग्रीस पुरणार नाही असं वाटलं म्हणून गाडीचं ग्रीस आणलं आणि जे जे फिरतं त्या सगळ्याला सढळ हाताने लावलं. मोटरवरचा पिनियन, म्हणजे छोटा गिअर, आणि त्याला लागून फिरणारा प्लास्टिकचा स्पर गिअर हे दोन्ही उघड्यावर होते, त्यांनाही लावलं. तीन रविवार तळजाईच्या टेकडीवर ट्रक मस्त चालला. चौथ्या रविवारी एका चढावर मोटर फिरतेय आणि चाकं जागच्या जागी. घरी येऊन स्पर गिअर काढला तर दात्यांची टोकं सुरीसारखी पातळ झालेली आणि दोन दात्यांच्या मध्ये तांबूस काळा लगदा. तो चिमटीत चोळून पाहिला. पॉलिश पेपरवर बोट फिरवावं तसं लागलं.

माझे बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात आयुष्यभर असेंब्लीवर फिटर होते. त्यांनी तो लगदा अंगठ्यावर घेतला, उजेडात धरला आणि म्हणाले, “अरे, हे ग्रीस राहिलंच नाही. ही व्हॉल्व्ह घासायची पेस्ट झाली.” टेकडीवरचा मुरूम ग्रीसला चिकटला होता आणि त्या मिश्रणाने प्रत्येक फेऱ्याला गिअर थोडा थोडा कातरला होता. वंगण लावल्यामुळेच तो गिअर गेला, नुसता कोरडा ठेवला असता तर टिकला असता. त्या संध्याकाळी बाबांनी तीन प्रश्न शिकवले. आज पाचवा ट्रक जोडतोय, आणि ट्यूबचं टोपण उघडण्याआधी अजूनही तेच विचारतो.

तीन प्रश्न

पहिला: इथे घासतंय की गडगडतंय? गिअरचे दाते, बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती साधी नळी), युनिव्हर्सल जॉइंटची (कोनात वाकूनही फिरणाऱ्या सांध्याची) पिन या ठिकाणी दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासत जातात. बेअरिंगमध्ये छर्रे गडगडतात. घासणाऱ्या जागेला चिकटून राहणारं ग्रीस लागतं. गडगडणाऱ्या जागेला फार थोडं पुरतं, आणि जास्त झालं तर छर्रे त्यातून वाट काढण्यातच ताकद घालवतात.

दुसरा: धातूवर धातू आहे की मध्ये प्लास्टिक आहे? पोलादी गिअरवर पोलादी गिअर जोराने दाबला जातो तेव्हा पातळ तेलाचा थर मध्ये टिकत नाही, तिथे मोलिब्डेनम घातलेलं किंवा जास्त दाब सोसणारं ग्रीस हवं. प्लास्टिकमध्ये नायलॉन आणि ॲसिटल यांना साध्या ग्रीसचं काही वाटत नाही. किटमधले बहुतेक गिअर आणि गिअरबॉक्सची घरं यांचीच असतात. एबीएस आणि पॉलीकार्बोनेट मात्र नाजूक. ताण असलेल्या जागी चुकीचं रसायन लागलं तर केसासारख्या भेगा पडतात. ट्रकची वरची बॉडी याच दोनपैकी एकाची असते, म्हणून ग्रीसचे हात आणि स्प्रे तिच्यापासून लांब.

तिसरा: जागा उघडी आहे की बंद? पुण्यात माझ्या मते हाच सगळ्यात मोठा प्रश्न. वेताळ टेकडी असो, तळजाई असो नाहीतर बाणेर-पाषाणची टेकडी, फेब्रुवारी ते मे पायवाटेवर मुरमाची बारीक भुकटी असते आणि ट्रक पुढच्या चाकांनी ती उडवून स्वतःच्याच पोटावर घेतो. बंद जागेत वंगण पुरेसं, उघड्या जागेत नावापुरतं किंवा अजिबात नाही. या एका नियमाने तुमचे अर्धे गिअर वाचतील.

सामान

ग्रीस म्हणजे तेल आणि ते धरून ठेवणारा साबण. लिथियमचं ग्रीस म्हणतात तेव्हा त्यातला साबण लिथियमचा असतो. स्पंजात पाणी असावं तसं तेल त्यात मुरलेलं असतं, दाब आला की थोडं सुटतं. ग्रीस किती घट्ट हे एनएलजीआय अंकाने सांगतात, ०००पासून ६पर्यंत. २५ अंशांना ठराविक वजनाचा शंकू ग्रीसमध्ये सोडून तो किती रुततो हे मोजतात. क्रमांक २च्या ग्रीसमध्ये तो २६.५ ते २९.५ मिलिमीटर जातो, ३मध्ये २२ ते २५. नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात नुसतं ग्रीस मागितलं तर बहुधा एपी-थ्री हातात पडतं, म्हणजे क्रमांक ३. मोठ्या गाडीच्या व्हील बेअरिंगला ते ठीक आहे, पण आपल्या सुपारीएवढ्या गिअरना घट्ट पडतं. फिरणारे दाते ते दोन्ही बाजूंना ढकलून देतात आणि मध्ये चर खणल्यासारखी रिकामी वाट उरते. क्रमांक २ मागा, आणि डब्यावर मोलिब्डेनम लिहिलेलं असेल तर उत्तम.

माझ्या पेटीत पाच गोष्टी आहेत. धातूच्या गिअरसाठी हे मोलिब्डेनमचं काळं ग्रीस. प्लास्टिकच्या गिअरसाठी किटमधलं पांढरं ग्रीस किंवा पीटीएफई (टेफ्लॉन) असलेलं. रबरी रिंगांसाठी सिलिकॉन ग्रीस. डिफमध्ये, म्हणजे वळताना डावं-उजवं चाक वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरसंचात, भरायला सिलिकॉन तेल. आणि शिवणयंत्राच्या तेलाची छोटी बाटली, जी जवळजवळ प्रत्येक घरात असते. शिवाय बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सर्किट पुसायला मिळतं ते आयसोप्रोपिल अल्कोहोल, स्क्रू सैल होऊ नयेत म्हणून आट्यांना लावायचं निळं थ्रेडलॉक, टूथपिक, जुना टूथब्रश, आणि धागे न सुटणारं सुती फडकं. औषधाच्या दुकानातून सुई नसलेल्या ५ मिलिलिटरच्या दोन सिरिंज घ्या. ग्रीस त्यात मागून भरून ठेवलं की टोकातून मोहरीएवढा थेंब हव्या त्या दात्यावर पडतो आणि डब्यात धूळ जात नाही.

लोक डब्ल्यूडी-४० बद्दल विचारतात. त्याच्या नावातलं डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणं आणि ४० म्हणजे चाळिसावा प्रयोग. १९५३ साली ते बनलं तेच धातूवरचं पाणी हटवून गंज रोखायला. भिजलेल्या स्क्रूसाठी वापरा. गिअरवर मारलं तर आधीचं ग्रीस धुऊन नेतं आणि त्याच्या जागी टिकणारं काही ठेवत नाही.

धुणं आणि थ्रेडलॉक

नवे धातूचे गिअर स्वच्छ दिसतात, पण त्यांच्यावर कारखान्यातलं तेल आणि कधीकधी डोळ्यांना न दिसणारे कीस असतात. स्टीलच्या वाटीत थोडं आयसोप्रोपिल घेऊन गिअर आणि शाफ्ट ब्रशने घासा आणि कागदावर वाळवा. गॅलरीत किंवा खिडकी उघडून करा, आणि जवळपास शेगडी पेटलेली नको, कारण ते चटकन पेट घेतं.

दोन गोष्टी धुवायच्या नाहीत. एक, नवी बेअरिंग. त्यांत ग्रीस आधीच भरलेलं असतं. दुसरी, पितळी दिसणारे सच्छिद्र बुश. ते धातूची भुकटी दाबून आणि भाजून बनवतात, आणि त्यांच्या छिद्रांत तेल मुरवलेलं असतं. धुतलं की ते तेल गेलं.

प्लास्टिकच्या गिअरला साच्यातून निघताना एका बाजूला छोटा कोंब राहतो, तो धारदार पात्याने सपाट करा. दात्याच्या टोकावर राहिला तर प्रत्येक फेऱ्याला टिक असा आवाज येत राहील आणि तुम्ही उगाच बेअरिंगला दोष देत बसाल.

थ्रेडलॉक हे वंगण नव्हे, तरी त्याचा विचार इथेच करावा लागतो, कारण ग्रीस लागलेल्या आट्यांवर ते धरत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: धुवा, वाळवा, थ्रेडलॉक लावून धातूत धातूचे स्क्रू बसवा आणि मगच ग्रीसला हात लावा. हवा तुटली आणि धातू लागला की ते घट्ट होतं, पूर्ण ताकद यायला सुमारे २४ तास जातात. पिनियनचा ग्रब स्क्रू (डोकं नसलेला छोटा स्क्रू), युनिव्हर्सल जॉइंटच्या पिनेचा स्क्रू, मोटरचे दोन स्क्रू यांना टूथपिकच्या टोकाने एक ठिपका पुरे. प्लास्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला थ्रेडलॉक कधीच नको. असा स्क्रू जड जात असेल तर मेणबत्तीवर एकदा फिरवून घ्या, मनगट दुखणार नाही आणि प्लास्टिक फाटणार नाही.

गिअरबॉक्स: आधी कोरडा जोडा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मला ती सगळ्यात मोलाची वाटते. गिअरबॉक्स एकदा पूर्ण कोरडा जोडा. सगळे स्क्रू लावा, बोटाने शाफ्ट फिरवा, डोळे मिटून कान लावा. ग्रीस आवाज दाबतं आणि खरखर लपवतं; कोरड्या गिअरबॉक्समध्ये काही लपत नाही. फिरवताना एकाच ठिकाणी अडखळत असेल तर एका दात्यावर कोंब किंवा कीस आहे. सगळीकडे सारखंच जड असेल तर शाफ्ट बाजूने दाबला जातोय, म्हणजे शाफ्टवरच्या चकत्या (पातळ वॉशर) जास्त झाल्यात. शाफ्ट लांबीच्या दिशेने खडखडत असेल तर ०.१ किंवा ०.२ मिलिमीटरची एक चकती वाढवा. शाफ्टला कागदाच्या जाडीएवढा खेळ राहायला हवा, पूर्ण आवळलेला शाफ्ट थोड्याच वेळात तापतो.

कोरडा मनासारखा फिरला की उघडा आणि आता ग्रीस.

किती, हे मला आईच्या हातावरून कळलं. गरम पोळीला तूप लावताना ती चमच्याची पाठ फिरवते. पोळी सगळीकडे चमकते, पण ताटात तूप ओघळत नाही. दात्यांवर ग्रीस तसंच दिसलं पाहिजे. पुरणपोळीवर सोडतो तशी धार नको. सिरिंजने तीन-चार दात्यांच्या खाचेत थोडं थोडं सोडा, गिअर जोडीत ठेवून हाताने वीसएक फेरे द्या, म्हणजे ते स्वतःच सगळीकडे पसरतं. मग टूथपिकने गिअरच्या बाजूंवर जमलेला जास्तीचा पट्टा काढून टाका. बाजूवरचं ग्रीस दात्यांकडे परत येत नाही. ते फिरताना उडून घराच्या भिंतीवर बसतं आणि बेअरिंगच्या बाजूने बाहेर झिरपतं.

कोणतं, हे गिअर साखळीत कुठे आहे त्यावर ठरतं. मोटर मिनिटाला १५,००० फेरे घेते आणि एकूण गुणोत्तर ३०:१ आहे असं धरा. चाकाशी उरतात ५०० फेरे. फेरे कमी झाले तसा टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, वाढत जातो. घर्षणात जाणारा भाग सोडला तर चाकाशी तो तीसपट होतो. म्हणून मोटरच्या बाजूचा पहिला गिअर फार वेगाने पण हलक्या दाबाखाली फिरतो, त्याला मऊ ग्रीस आणि तेही कमी. शेवटचा गिअर सावकाश पण जबर दाबाखाली फिरतो, त्याला चिकट, काळं ग्रीस आणि थोडं सढळ. एकाच गिअरबॉक्सच्या दोन टोकांना दोन वेगळ्या मात्रा लागतात, हे मला तिसऱ्या ट्रकपर्यंत कळलं नव्हतं. पण प्लास्टिकच्या आणि धातूच्या गिअरची मिसळ असेल तर एकाच घरात दोन प्रकारची ग्रीसं घालू नका, सगळीकडे प्लास्टिकला चालणारं वापरा. वेगवेगळे साबण असलेली काही ग्रीसं एकत्र आली की पातळ होऊन वाहतात.

टामियाचा १:१४ मापाचा मालवाहू ट्रक जोडत असाल तर त्यात तीन गतींचा गिअरबॉक्स असतो. तिथे गिअर बदलणारा काटा ज्या दांड्यावर सरकतो त्या दांड्यावर ग्रीसचा अगदी पुसट हात ठेवा. जास्त झालं की काटा जड सरकतो, सर्व्हो (काटा हलवणारी छोटी मोटर) कुरकुरतो, आणि गिअर अर्धवट पडतो.

डिफमधलं सिलिकॉन तेल

डोंगरवाटेच्या ट्रकमध्ये बहुधा डिफ नसतोच, ॲक्सल सरळ लॉक केलेला असतो. तुमचा तसा असेल तर हा भाग सोडून द्या. डिफ असेल तर त्यात ग्रीसऐवजी सिलिकॉन तेल भरतात. त्याचा दाटपणा सेंटिस्टोक्समध्ये मोजतात: पाणी १च्या आसपास, आणि १०,०००चं तेल बाटलीतल्या मधासारखं संथ उतरतं. दाट तेल म्हणजे वळताना डावं-उजवं चाक एकमेकांपासून कमी सुटतं. पहिल्यांदा पुस्तिकेत सांगितलेला आकडाच घाला.

भरताना घाई झाली की डिफ गळतो. कप उभा ठेवा, तेल आतल्या आडव्या पिनेच्या जेमतेम वर येईपर्यंत सोडा आणि पंधरा मिनिटं तसाच राहू द्या. बुडबुडे एकेक करून वर येतात, पातळी खाली बसते. मग थोडं वाढवा, पण काठोकाठ नको, कारण तापल्यावर तेल फुगतं आणि त्याला जागा लागते. शाफ्टच्या रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीस बोटाने चोळा. कोरडी रिंग शाफ्ट घुसताना पिळवटते आणि तिथूनच पुढे गळती सुरू होते. कागदी गॅस्केट नीट बसलंय का पाहा. झाकणाचे चार स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडे थोडे, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. रात्रभर टिश्यू पेपरवर ठेवा. सकाळी कागदावर डाग नसेल तर बसवा.

पोलादावर पोलाद जोराने घासणाऱ्या जागी सिलिकॉन तेल दुबळं पडतं. मग डिफमध्ये कसं चालतं? कारण सरळ जाताना आतले छोटे गिअर एकमेकांवर फिरतच नाहीत, वळणावरच फिरतात. सिलिकॉनचा मोठा गुण असा की उन्हाळ्यात आणि थंडीत त्याचा दाटपणा खनिज तेलापेक्षा पुष्कळ कमी बदलतो. एप्रिलमधली चाळिशी आणि जानेवारीतली पहाट दोन्ही बघणाऱ्या पुण्याच्या ट्रकला हे सोयीचं आहे.

ॲक्सलमधला क्राउन आणि पिनियन

क्राउन म्हणजे ॲक्सलमधला मोठा गिअर, पिनियन म्हणजे त्याला फिरवणारा छोटा. सगळ्या ट्रकमध्ये सगळ्यात जास्त मार खाणारी जोडी ही. इथे दाते एकमेकांवर नुसते दाबले जात नाहीत, तिरके घसरतातही. पुढचं चाक कातळाच्या खाचेत अडकतं आणि तुम्ही जोर लावता तेव्हा तो सगळा भार दोन-तीन दात्यांवर येतो.

आधी चकत्या. क्राउनचे चार-पाच दाते काळ्या मार्करने रंगवा, ॲक्सल कोरडा जोडा, एका हाताने क्राउनकडची बाजू किंचित अडवून पिनियन वीसएक वेळा फिरवा आणि उघडून पाहा. शाई दात्याच्या मधोमध पुसली गेली असेल तर जोडी बरोबर. फक्त टोकाला किंवा फक्त एका कडेला पुसली गेली असेल तर चकती एका बाजूची दुसऱ्या बाजूला घाला आणि पुन्हा पाहा. मला यात कधी एक तास लागतो. पिनियन हलकेच पुढे-मागे केला की बोटाला नखाएवढी टकटक जाणवली पाहिजे. अजिबात खेळ नसेल तर दाते तापतील, फार असेल तर एके दिवशी टोकं उडतील.

शाई अल्कोहोलने पुसा आणि काळं मोलिब्डेनमचं ग्रीस लावा. गिअरबॉक्सपेक्षा इथे थोडं जास्त चालतं, कारण जागा बंद आणि वेग कमी आहे. दात्यांची खाच पूर्ण भरा, पिनियनच्या मागे वाटाण्याएवढा गोळा ठेवा. पण घर भरून टाकू नका. भरलेलं ग्रीस ॲक्सलच्या नळीतून सरकत चाकाच्या बेअरिंगपर्यंत येतं आणि तिथून टायरच्या आत. घराच्या दोन अर्ध्या भागांच्या जोडावर ग्रीसचा दोऱ्याएवढा थर फिरवला तर पाणी सहसा आत येत नाही.

बेअरिंग आणि बुश

किटमध्ये प्लास्टिकचे बुश आले असतील तर ते बदलून बेअरिंग घ्या, या एका खर्चाबद्दल मी कुणालाही मागे सरू देणार नाही. बहुतेक ठिकाणी ५×११×४ मिलिमीटरचं माप लागतं, तरी पुस्तिकेतून यादी करूनच दुकानात जा. एका बाजूला रबरी आणि दुसऱ्या बाजूला धातूचं झाकण असेल तर रबरी बाजू धुळीकडे, बाहेर.

नव्या बेअरिंगमध्ये वरून काही घालायचं नाही. शाफ्टवर मात्र ग्रीसचा ओझरता हात फिरवा, म्हणजे गंजून ते शाफ्टला चिकटत नाहीत. पावसाळ्यात भिजलेलं बेअरिंग बोटावर फिरवल्यावर खरखर करत असेल तर पातळ पात्याने रबरी झाकण हळूच उचला, अल्कोहोलमध्ये खळबळून वाळवा आणि आत एक तृतीयांश भरेल एवढं ग्रीस घालून झाकण बसवा. तरीही खरखर राहिली तर छर्र्यांना खड्डे पडलेत. नवं घ्या.

उघड्या जागा

प्रोपेलर शाफ्ट उघडा असतो. त्याच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसच्या पिनांना शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब, दोन-चार वेळा हलवा, आणि मग फडक्याने बाहेरून दिसणारं सगळं तेल पुसा. पिनेच्या आत गेलं तेवढंच हवं होतं. एकमेकांत सरकणारे प्लास्टिकचे दोन भाग मी कोरडेच ठेवतो. पुढच्या चाकांकडे जाणारे युनिव्हर्सल जॉइंट नकलच्या (चाक वळवणाऱ्या भागाच्या) आत अर्धवट झाकलेले असतात, तिथे पिनेवर काळ्या ग्रीसचा मोहरीएवढा ठिपका ठीक आहे, पण ट्रक तीन-चार वेळा बाहेर नेला की पुसून नवा लावावा लागतो.

आणि स्पर गिअर. झाकण नसेल तर पूर्ण कोरडा. पिनियन पोलादी, स्पर नायलॉनचा, ही जोडी वंगणाशिवाय फिरण्यासाठीच बनवलेली असते. तिला हवी ती योग्य फट. वहीच्या कागदाची पट्टी दोन गिअरच्या मध्ये घाला, मोटर कागदावर दाबून स्क्रू आवळा, आणि गिअर फिरवून पट्टी बाहेर काढा. पट्टीवर दात्यांच्या घड्या दिसल्या पाहिजेत, कागद फाटता कामा नये. झाकण घट्ट बसत असेल तरच पांढऱ्या ग्रीसची पुसट झाक चालेल. शेजारच्या स्लिपर क्लचच्या (जोर फार झाला की घसरून गिअर वाचवणाऱ्या भागाच्या) चकत्यांना कुठल्याही वंगणाचा स्पर्श नको, चुकून लागला तर अल्कोहोलने लगेच धुवा. तेल लागलेला क्लच चढावर निसटत राहतो.

ब्रशवाल्या ५४० मोटरच्या दोन्ही टोकांना जिथे शाफ्ट बाहेर येतो तिथे तेलाचा एकेक थेंब. दुसरा थेंब नको, तो आत ओघळून कम्युटेटरवर (ब्रश ज्यावर घासतात त्या भागावर) जातो.

पहिला तास आणि त्यानंतर

ट्रक पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ठेवा, चाकं हवेत. अर्ध्याहून कमी वेगाने पाच मिनिटं पुढे, पाच मिनिटं मागे. सतत शिट्टीसारखा आवाज म्हणजे स्पर आणि पिनियन फार जवळ आलेत. खडखड म्हणजे लांब. मोटर, गिअरबॉक्स आणि दोन्ही ॲक्सलवर बोट ठेवून पाहा. मोटर कोमट होणारच, पण ॲक्सल गरम लागत असेल तर चकत्या पुन्हा पाहा.

तीन बॅटऱ्या संपल्या की ॲक्सल उघडायचा. हे टाळू नका. काळ्या ग्रीसमध्ये उजेडात चांदीसारखी बारीक चमक दिसेल, नवे दाते एकमेकांवर बसताना निघालेला तो धातू आहे. सगळं पुसून नवीन भरा, यानंतर ते पुष्कळ टिकतं. चमक दुसऱ्यांदाही तेवढीच दिसली किंवा चिमटीत कण लागले तर बिघाड आहे, ग्रीस बदलून तो जाणार नाही.

वर्षात दोनदा मी ट्रक पूर्ण खोलतो. एकदा मेच्या शेवटी, पाऊस सुरू होण्याआधी, सगळ्या जोडांवर ग्रीसचा तो दोऱ्याएवढा थर नव्याने द्यायला. दुसऱ्यांदा खंडेनवमीच्या आधी. बाबांच्या घरात त्या दिवशी पाने, पक्कड, मायक्रोमीटर सगळं धुऊन-पुसून पाटावर मांडलं जायचं, आता त्या पाटावर ट्रकचे दोन ॲक्सलही असतात, पावसाळ्याचा सगळा चिखल काढून, नवं ग्रीस भरून. जून ते सप्टेंबर मात्र थांबता येत नाही. ओढ्यातून ट्रक काढला तर त्याच संध्याकाळी ॲक्सलची घरं उघडायची. ग्रीस दुधाळ राखाडी दिसलं म्हणजे पाणी मिसळलंय, ते उद्यावर टाकलं तर सकाळी दात्यांवर तांबूस रंग येतो.

टेकडीवर ग्रीसचं फडकं किंवा टिश्यू टाकून येऊ नका, पिशवीत घालून घरी आणा. आणि ॲक्सलचं झाकण बंद करण्याआधी त्याच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख आणि कोणतं ग्रीस भरलं ते लिहा. सहा महिन्यांनी उघडाल तेव्हा त्याच्यावर काय घालायचं हा प्रश्नच उरत नाही.